दुरुस्तीला नारळ फुटत नाही

पवना धरणातून सोडलेलं पाणी रावेतच्या बंधाऱ्यापाशी अडतं. पिंपरी-चिंचवडकरांच्या नळाला येणारं बरंचसं पाणी इथूनच उचललं जातं. 1997 साली महापालिकेत आलेलं हे गाव आता गाव राहिलेलं नाही, पण नदी जुनीच आहे, आणि नदी आहे म्हणून पूल आहेत. टोपलीच्या कडीसारख्या कमानींचा ‘बास्केट ब्रिज’ महापालिकेचा. पुनावळ्याकडे जाणाऱ्या बाह्यवळणावरचा पूल राष्ट्रीय महामार्गाचा. पलीकडे किवळ्याला मुंबईहून येणारा द्रुतगती मार्ग संपतो, तो राज्य रस्ते विकास महामंडळाचा. आकुर्डी स्टेशनच्या बाजूला लोहमार्ग, तो मध्य रेल्वेचा. देहूरोडला छावणी परिषदेची हद्द लागते आणि तिथून मावळात शिरलं की सार्वजनिक बांधकाम विभाग आणि जिल्हा परिषद. चाकणला माल घेऊन निघालेला ट्रेलरवाला अर्ध्या तासात चार-पाच मालकांच्या पुलांवरून जातो आणि त्याला ते कळतही नाही. कळायचं कारणही नाही. पूल कोणाचा, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा तो पडल्यावरच विचारला जातो.

रावेतहून तळेगावच्या दिशेनं गेलं की देहूरोडच्या पुढे इंद्रायणीवर कुंडमळा लागतो. 15 जून 2025, रविवार. पाऊस नुकताच सुरू झाला होता, नदी भरून वाहत होती आणि ती बघायला पुण्या-पिंपरीहून लोक लोटले होते. तिथला अरुंद लोखंडी पूल तीसेक वर्षांचा होता, गंजलेला होता, धोक्याचा फलकही लावलेला होता. दुपारी त्यावर माणसं होती आणि दुचाक्याही होत्या. पूल कोसळला. चौघांचा जीव गेला, पन्नासच्या आसपास लोक जखमी झाले.

दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांमध्ये एक ओळ अशी होती की ती वाचून माणूस थबकावा: नव्या पुलासाठी सुमारे आठ कोटी रुपये आधीच मंजूर झालेले होते.

म्हणजे पैसे नव्हते असं नाही. देशाच्या म्हाताऱ्या पुलांबद्दल बोलताना आपण लगेच हजारो कोटींचे आकडे मांडतो आणि ‘एवढा पैसा आणायचा कुठून’ म्हणून हात वर करतो. कुंडमळ्याचा हिशेब त्या जातीचा नाही. मागणी, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यादेश अशा पायऱ्या एक फाइल चढत असते. प्रत्येक पायरीवर थांबायला काहीतरी कारण असतं आणि त्यातली बरीचशी कारणं खरीही असतात. मात्र फाइल थांबली म्हणून किती खर्च वाढला, याचा रकाना त्या फाइलमध्ये नसतो. तो खर्च फाइल थांबवणाऱ्याच्या खात्यातून जात नाही. तो कोणाच्या तरी वेळेतून, डिझेलमधून आणि कधी जिवातून वसूल होतो. माझ्या मते जुन्या पुलांच्या दुरुस्तीचं सगळं अर्थशास्त्र या एका गोष्टीत आहे: पुढे ढकलणारा एक आणि भरणारा दुसरा.

ढकलण्याची किंमत किती, याचा एक ठोकताळा काँक्रीटच्या अभियंत्यांमध्ये प्रसिद्ध आहे. नेदरलँड्सच्या डी सिटर यांनी 1984च्या सुमारास तो मांडला. बांधतानाच नीट काळजी घ्यायला एक रुपया लागत असेल, तर ती न घेतल्यास नंतरच्या देखभालीला पाच रुपये, देखभाल टाळली तर दुरुस्तीला पंचवीस आणि दुरुस्तीही टाळली तर सवाशे. आकडे तंतोतंत घ्यायचे नसतात. दर टप्प्याला पाचपट, एवढा अंदाज घ्यायचा. कोकणातल्या माणसाला हा नियम शिकवावा लागत नाही. मे महिन्यात कौलं परतली नाहीत की जुलैत वासे आणि पुढच्या जुलैत भिंत, हे त्याला माहीत असतं. फरक इतकाच की घर त्याचं स्वतःचं असतं.

पुलाचंही दुखणं पाण्यापासूनच सुरू होतं, आणि हे पाणी नदीचं नव्हे, पावसाचं. पुलाच्या कडेला पाणी खाली सोडणारे पाईप असतात. ते माती-कचऱ्यानं बुजतात. पाणी रस्त्यावर तुंबतं आणि दोन स्लॅबच्या मधल्या फटीतून खाली उतरतं. गाडी जाताना जिथं ‘धडक-धडक’ असा आवाज येतो, ती ही फट, म्हणजे एक्स्पान्शन जॉइंट. तिच्यातलं रबर फाटलेलं असतं, म्हणून पाणी थेट खांबाच्या माथ्यावर पडतं. तिथं बेअरिंग असतात. उन्हानं प्रसरण पावणाऱ्या आणि थंडीनं आखडणाऱ्या गर्डरला सरकायची मुभा देणारी ही पुलाची सांधेजोड. ती गंजली किंवा चिखलात रुतली की गर्डर सरकत नाही. मग ताण काँक्रीटवर येतो, भेगा पडतात, भेगांतून पाणी सळईपर्यंत जातं. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा व्यापतो, त्यामुळे काँक्रीट आतूनच फुटतं. खाली पोपडे पडायला लागतात, सळया उघड्या दिसतात. या सगळ्या रामायणाची सुरुवात जिथं झाली तो पाईप पावसाळ्याआधी साफ करायला दोन माणसं, एक सळई आणि अर्धा दिवस पुरतो. त्या कामाला निविदा नको असते. कदाचित म्हणूनच ते होत नाही.

उलट जे होतं ते डांबरीकरण. खड्डे पडले की पुलावर नवा थर, निवडणूक आली की आणखी एक. जुना थर खरवडून काढायचा असतो, पण घाईत तो तसाच राहतो. शंभर मीटर लांब, दहा मीटर रुंद पुलावर पाच सेंटिमीटरचा थर दिला तर 50 घनमीटर डांबरी मिश्रण लागतं, म्हणजे सुमारे 115 टन. तीन अ‍ॅक्सलचे चार पूर्ण भरलेले ट्रक पुलावर कायमचे उभे करून ठेवल्यासारखं हे आहे. दुरुस्ती म्हणून केलेलं काम पुलाचं ओझं वाढवून जातं.

ट्रकही आता पूर्वीचे राहिले नाहीत. 2018 साली केंद्र सरकारनं मालवाहू गाड्यांची वजनमर्यादा वाढवली. तीन अ‍ॅक्सलच्या ट्रकला 25 टनांची मर्यादा होती, ती 28.5 टन झाली. सगळ्यात मोठ्या ट्रेलरना 49 टनांऐवजी 55 टन चालू लागले. वाहतूक स्वस्त झाली हे खरं. चाकण, तळेगाव, भोसरीच्या कारखान्यांना लोखंडी पत्र्याची गुंडाळी आणि यंत्रं पोहोचवणाऱ्यांचा त्यात फायदाच झाला. पुलाला मात्र कोणी विचारलं नाही. नवा पूल अशा वजनांचा हिशेब धरून बांधता येतो, पण पन्नास वर्षांपूर्वीच्या गावरस्त्यावरच्या पुलावरून हाच ट्रेलर टोल चुकवायला म्हणून जातो तेव्हा बचत मालकाची होते आणि झीज जिल्हा परिषदेच्या खात्यावर पडते.

पूल म्हातारा झाला म्हणून पडतो, हा समज मात्र सोडून द्यायला हवा. पणजीला जाऊन बघावं. मांडवी नदीवरचा नेहरू पूल 1970 मध्ये खुला झाला. त्या काळातलं आधुनिक तंत्र वापरलेलं होतं: काँक्रीटच्या आत ताणून बसवलेल्या पोलादी तारा. 5 जुलै 1986 रोजी तो कोसळला. सोळा वर्षांचा होता. खाऱ्या हवेत तारा आतल्या आत गंजत गेल्या आणि बाहेरून फारसं काही दिसलं नाही. नवा पूल 1992 मध्ये येईपर्यंत गोवेकरांना फेरीबोटींचा आसरा घ्यावा लागला. त्याच पणजीतून रायबंदरकडे जाणारा पोर्तुगीजांचा दगडी सेतू सतराव्या शतकातला, 1630च्या दशकात बांधलेला आहे आणि त्यावरून आजही गाड्या जातात. दगड गंजत नाही हे त्याचं भाग्य. पण लोखंड वापरायचं ठरवलं की त्याच्यासोबत देखभालीचं बिल येतं. ते बिल उद्घाटनाच्या कोनशिलेवर कोरत नाहीत एवढंच.

महाडच्या सावित्री नदीवरचा पूलही दगडी कमानींचाच होता, 1928चा. 2 ऑगस्ट 2016च्या रात्री महापुरात तो वाहून गेला. अंधारात पूल नाही हे कळायला मार्ग नव्हता, एस.टी.च्या दोन गाड्या, एक जयगडहून मुंबईला निघालेली आणि दुसरी राजापूरहून बोरिवलीला, आणि आणखी काही वाहनं नदीत गेली. चाळीसच्या आसपास माणसं दगावली किंवा कधी सापडलीच नाहीत. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची पाहणी झाली होती आणि वाहतुकीला धोका नसल्याचा निर्वाळा मिळाला होता, असं सरकारनं विधिमंडळात सांगितलं. ती पाहणी खोटी होती असं म्हणायची गरज नाही. पुराचं पाणी वरून धडका देऊन पूल पाडतं असं आपल्या डोळ्यांसमोर असतं. जगभरचा अनुभव असा की बहुतेक वेळा ते खांबाच्या पायाखालची माती-वाळू काढून नेतं. वाळूउपसा झालेल्या नदीत हे आणखी सोपं होतं. मे महिन्यात पुलावर उभं राहून हे दिसत नाही. त्यासाठी पाणबुडे किंवा पाण्यातली मोजणी लागते आणि पाहणीच्या नेहमीच्या खर्चात ती बसत नाही.

त्याच सावित्रीवर नवा पूल 165 दिवसांत उभा राहिला. 5 जून 2017 रोजी तो खुला झाला. खर्च पस्तीस कोटींच्या घरात. मुख्यमंत्री, केंद्रीय मंत्री, सगळ्यांनी त्या वेगाचं कौतुक केलं आणि ते रास्तच होतं. मला मात्र त्या आकड्याची भीती वाटते. जे खातं 165 दिवसांत नदीवर पूल बांधू शकतं, त्याला मनुष्यबळ नाही, यंत्रं नाहीत, कंत्राटदार मिळत नाहीत, या सबबी उरत नाहीत. उरतं ते एवढंच की पडलेल्या पुलामागे सगळं सरकार उभं राहतं आणि गंजणाऱ्या पुलामागे एक उपअभियंता.

बरं, तपासणी वाढवली की प्रश्न सुटतो का? 14 मार्च 2019च्या संध्याकाळी मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसबाहेरचा हिमालय पूल कोसळला, तेव्हा त्याचं स्ट्रक्चरल ऑडिट झालेलं होतं आणि किरकोळ दुरुस्ती सुचवून तो वापरायला योग्य ठरवला गेला होता. त्या रात्रीचे पहिले काही तास पूल रेल्वेचा की महापालिकेचा, यातच गेले. तो महापालिकेचा होता. दुर्घटना झाली की राज्यभर ऑडिटचे आदेश निघतात, हजारो पूल थोड्या मुदतीत तपासायचे ठरतं, आणि मग ज्या दरात ते काम दिलं जातं त्या दरात फोटो काढणं, हातोडीनं ठोकून आवाज ऐकणं आणि अहवालावर सही करणं एवढंच परवडतं. काँक्रीटचा गाभा काढून प्रयोगशाळेत पाठवणं, सळईच्या गंजाची विद्युत चाचणी, भारित ट्रक उभे करून पूल किती वाकतो ते मोजणं, हे महाग. त्यासाठी पूल काही काळ बंदही ठेवावा लागतो.

आणि इथं बिलातली सगळ्यात मोठी रक्कम येते. सिमेंट नाही, पोलाद नाही. पूल बंद ठेवणं.

अंधेरीच्या गोखले पुलाचं उदाहरण घेऊ. 3 जुलै 2018 रोजी त्याच्या पदपथाचा भाग रुळांवर कोसळला. नोव्हेंबर 2022 मध्ये पूल वाहतुकीला बंद झाला. एक बाजू उघडली ती फेब्रुवारी 2024 मध्ये, आणि तेव्हा लक्षात आलं की शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल नव्या पुलाच्या पातळीला जुळतच नाही. मध्ये माणसाच्या उंचीएवढा फरक. शेवटी जॅक लावून उड्डाणपुलाचा तो भाग उचलला. पूर्ण पूल खुला व्हायला मे 2025 उजाडला. अडीच वर्षं अंधेरी पूर्व-पश्चिमेची माणसं वळसे घालत होती. एक काल्पनिक पण साधा हिशेब करून बघू. समजा एखाद्या शहरी पुलावरून दिवसाला चाळीस हजार गाड्या जातात आणि पूल बंद असल्यानं प्रत्येकीला पंधरा मिनिटं जास्त लागतात. रोजचे दहा हजार तास. तासाची किंमत, इंधन धरून, अवघी शंभर रुपये लावली तरी रोजचे दहा लाख आणि वर्षाचे साडेछत्तीस कोटी. म्हणजे वर्षाला सावित्रीवरचा एक अख्खा पूल. ही रक्कम कुठल्याही अंदाजपत्रकात नसते, कारण ती सरकार देत नाही. म्हणून रात्री काम करणारा, जास्त यंत्रं लावणारा, अर्ध्या वेळात काम उरकणारा कंत्राटदार कागदावर ‘महाग’ ठरतो.

याची उलटी बाजू एकदाच दिसली. खंडाळ्याच्या घाटातला अमृतांजन पूल, 1830चा, द्रुतगती मार्गावरची अडचण म्हणून काढायचा हे कधीचं ठरलेलं होतं. पण काढायचा कधी? मुंबई-पुणे वाहतूक थांबवायची कोणी? मग 2020ची टाळेबंदी आली, रस्ता ओस पडला आणि 5 एप्रिलच्या सुमारास स्फोटानं पूल पाडण्यात आला. जे काम वर्षानुवर्षं जमत नव्हतं ते रस्ता थांबवण्याची किंमत शून्यावर येताच झालं. (पुण्याच्या चांदणी चौकातल्या पुलानं उलट हसं केलं. 2 ऑक्टोबर 2022च्या मध्यरात्री सगळ्या वाहिन्यांच्या कॅमेऱ्यांसमोर स्फोट झाला आणि पूल पूर्ण पडलाच नाही. उरलेला यंत्रांनी तोडावा लागला. आतलं पोलाद अपेक्षेपेक्षा दणकट निघालं. तीस वर्षांचे पूल सगळेच काही कुंडमळ्यासारखे नसतात.)

पुढे ढकलणारा आणि भरणारा एकच असेल तर काय होतं? त्याचं उत्तर आकुर्डी स्टेशनजवळच्या रुळांवर आहे. भारतीय रेल्वेकडे दीड लाखाच्या आसपास पूल आहेत आणि त्यातल्या सुमारे 37 हजारांनी शंभरी ओलांडली आहे. प्रत्येकाला क्रमांक आहे, नोंदवही आहे, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर पाहणी आहे. पूल अशक्त वाटला की त्यावर गाड्यांचा वेग कमी केला जातो. हा वेग कमी करणं महागात पडतं: गाड्या उशिरा धावतात, मालगाड्या अडतात, आणि तो तोटा रेल्वेच्याच हिशेबात दिसतो. पूलही तिचा, गाडीही तिची. दुरुस्ती ढकलली तर रोज तिलाच चटका बसतो. रेल्वेकडे अपघात होत नाहीत असं नाही, पण शंभर वर्षांचे इतके पूल रोज लाखो माणसांना नेतात यामागे अभियांत्रिकीइतकीच ही हिशेबाची रचना आहे. रस्त्यावरच्या पुलाला मालक आहे, पण त्याची गाडी पुलावरून जात नाही.

रस्त्यांच्या बाजूनंही काही हालचाल झाली आहे. 2016 मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं राष्ट्रीय महामार्गांवरच्या पूल-मोऱ्यांची पहिली मोठी गणती केली. पावणेदोन लाखांच्या आसपास बांधकामं नोंदली गेली, प्रत्येकाला ओळखक्रमांक मिळाला, आणि तातडीनं लक्ष द्यावं असे 147 पूल निघाले. आकडा दिलासा देणारा वाटतो. पण ही गणती राष्ट्रीय महामार्गांची. कुंडमळ्यासारखा पूल तिच्यात असायचं कारणच नव्हतं, आणि गावाला गावाशी जोडणारे बहुतेक पूल तिच्या बाहेरच आहेत.

अमेरिकेला हा धडा आपल्याआधी मिळाला. 15 डिसेंबर 1967 रोजी ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज एका लोखंडी दुव्यातल्या बारीक भेगेमुळे कोसळून 46 जण गेले आणि त्यानंतर साधारण दोन वर्षांनी एकदा प्रत्येक पुलाची तपासणी सक्तीची झाली. तरी आज तिथल्या सव्वासहा लाखांच्या आसपास पुलांपैकी चाळीस हजारांहून जास्त ‘वाईट’ श्रेणीत आहेत. कारण असं की त्यांचे महामार्ग 1950 आणि 60च्या दशकांत एकदम बांधले गेले, त्यामुळे म्हातारेही एकदमच झाले. जानेवारी 2022 मध्ये राष्ट्राध्यक्ष बायडेन पायाभूत सुविधांवर बोलायला पिट्सबर्गला यायचे होते, त्याच दिवशी सकाळी तिथला एक पूल कोसळला. सुदैवानं कोणी मेलं नाही.

रावेतच्या परिसरातही पूल असेच एका लाटेत आले आहेत. द्रुतगती मार्ग 2002 मध्ये पूर्ण झाला, बाह्यवळण त्याच काळातलं, आणि त्यानंतरच्या दीड-दोन दशकांत महापालिकेनं नदीवर आणि चौकाचौकांत पूल उभे केले. रबरी बेअरिंगचं आयुष्य साधारण वीस-तीस वर्षं, एक्स्पान्शन जॉइंटचं त्याहून कमी. म्हणजे पुढची दहा-पंधरा वर्षं इथं एकामागून एक बिलं येणार. बेअरिंग बदलताना रात्री वाहतूक थांबवतात, गर्डरखाली जॅकची रांग लावतात, सगळे जॅक एकाच वेळी, एकाच गतीनं चढवत शेकडो टनांचा स्लॅब काही मिलिमीटर उचलतात, जुनं रबर काढून नवं सरकवतात आणि पहाटेपर्यंत स्लॅब पुन्हा खाली टेकवतात. खांबाच्या माथ्यावर जॅक बसवायला जागा ठेवलेली असेल तर काम काही रात्रींचं. नसेल तर आधी खांबाला लोखंडी कंस ठोकून ती जागा तयार करावी लागते आणि खर्च कितीतरी वाढतो. जागा ठेवली आहे की नाही हे पुलाच्या मूळ नकाशात असतं. पूल बांधणारं खातं एक, ताब्यात घेणारं दुसरं आणि मधल्या काळात कार्यालयं बदललेली. त्यामुळे दुरुस्तीचं पहिलं काम बऱ्याचदा तो नकाशा कुठल्या कपाटात आहे हे शोधण्याचं असतं.